घरचीच आहे

९ फेब्रुवारी

दादा,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मध्येच कुणाला तरी ‘पुढचा घ्या’ म्हणतोस. पत्रात तसं करता येत नाही, म्हणून लिहिते.

बसने सुखरूप पोचले. झोपताना डोळ्यावर ते प्लास्टिकचं झाकण लावते. थेंब चार वेळा. वाकत नाही, वजन उचलत नाही. दुकान बंद ठेवलंय. तीस वर्षं डोळ्यात तेल घालून लोकांच्या कपड्यांची रफू केली, आता तुझे थेंब घालते, एवढाच फरक.

एक सांगायचं होतं. त्या दिवशी तुझ्या दवाखान्यात बाकांवर वीसेक माणसं बसली होती. प्रत्येकाच्या कपाळाला चिकटपट्टी, तिच्यावर नंबर आणि ज्या डोळ्याचं करायचं त्या बाजूला बाण. सकाळपासून बसून कंटाळलेली, कारण तू म्हणे दुपारी एकच्या आत कधी सुरू करत नाहीस. मला तू मागच्या जिन्याने आणलंस. माझं कपाळ कोरं. एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘बाई, तुमचा कितवा?’ काय सांगावं कळेना. म्हटलं, ‘मी डॉक्टरांची बहीण.’ तो म्हणाला, ‘मग काय! तुम्ही आमच्या आधी बघणार.’ सगळे हसले. मीही हसले. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

टेबलावर तोंडभर कापड, कापडाला एक भोक आणि भोकात माझा डोळा. तू अधूनमधून ‘पाणी’ म्हणायचास आणि सिस्टर डोळ्यावर थेंब सोडायच्या. चौदा वेळा म्हणालास, मी मोजलं. त्याआधी, यंत्र सुरू करायच्या अगोदर, सिस्टरांनी तुला हळूच काहीतरी विचारलं. ते मला कळलं नाही. तू म्हणालास, ‘नको. घरचीच आहे.’

दादा, कापडाखाली मला भरून आलं. हलायचं नाही, रडायचं नाही, असं बजावलं होतं म्हणून आवरलं. आई गेल्यापासून मला कुणी घरची म्हटलं नव्हतं. तू तर असल्या बाबतीत दगड. म्हणून लिहून ठेवते.

सकाळी अजून धुरकट दिसतं. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तसं. दुपारपर्यंत निवळतं. जाईल ना ते?

तुझी
चिमी


१७ फेब्रुवारी

चिमे,

पत्र मिळालं. अक्षर अजून चौथीतलंच आहे.

धुरकट दिसतं ती सूज. तुझा मोतीबिंदू जुना आणि कडक होता. दोन वर्षं ये म्हणत होतो, तुझे कोट संपले नाहीत. कडक मोतीबिंदू फोडायला यंत्र जास्त चालवावं लागतं. त्याचे हादरे डोळ्याच्या पुढच्या काचेला, म्हणजे कॉर्नियाला बसतात. ते बसू नयेत म्हणून मध्ये जेल भरतात. काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्या काचेतलं पाणी सतत उपसत असतात. त्या दमल्या की काच पाणी पिते आणि फुगते. सध्या दमल्यात. कामाला लागतील. सहा आठवडे धर.

झोपेत डोळे मिटलेले असतात, पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी धुकं जास्त. मिठाच्या पाण्याचे थेंब पाठवतोय. शिवाय उठल्यावर केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धर आणि डोळ्यांवर कोमट वारा घे, पाच मिनिटं. हसू नकोस, खरा उपाय आहे.

टेबलावर मी काय बोलतो ते मला आठवत नाही. दिवसाला वीस होतात.

दादा


२ मे

दादा,

दुपारचे तीन वाजलेत. हल्ली अक्षर मला दोननंतर सापडतं.

सहा आठवड्यांचे बारा झाले. केस वाळवायचं यंत्र रोज घेते. शेजारीण म्हणते, केस ओले आणि तोंड वाळवताय, काय नवीन निघालंय? थेंबही घालते. धुकं आधी दहाला उठायचं, मग बाराला, आता दोनला.

एका वकिलाचा राखाडी कोट आला होता. खिशापाशी सिगरेटने जळालेलं भोक, शर्टाच्या बटणाएवढं. असली भोकं मी बोलता बोलता भरते. कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरे काढले आणि सकाळीच बसले, कारण त्याला जेवायच्या सुट्टीत न्यायचा होता. आला. कोट उजेडात धरला. म्हणाला, ‘बाई, भोक बरं होतं. निदान कुणाला कारण तरी सांगता यायचं.’ तो गेल्यावर नाही, तो उभा असतानाच मला दिसायला लागलं. उभे दोरे आडव्यांवर चढलेले. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ बाईने घातल्यासारखे. कोट ठेवून घेतला आणि सगळं उसवलं.

रागावू नकोस. इथे चौकात एक डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्या निम्म्या वयाच्या. त्यांच्याकडे गेले. एका यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, हिरव्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. उजव्या डोळ्यात यंत्राला काही मोजता येईना, इतकं धुकं. डाव्यात नऊशे चाळीस.

‘नऊशे चाळीस काय?’
‘पेशी. तुमच्या वयाला दोन हजारांच्या वर हव्यात.’
‘मग नवीन येतील.’
‘नवीन येत नाहीत. एक मेली की शेजारच्या ताणल्या जातात आणि तिची जागा झाकतात.’

मी म्हटलं, आमच्या धंद्यात याला रफू म्हणत नाहीत. रफूला दोरा लागतो. दोरा न घालता कापड ओढून भोक मिटवलं, तर ती फसवणूक. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘घरात कुणाला असं होतं का? सकाळी धुकं, दुपारी साफ?’

तुला आठवतं? आई सकाळी सुईत दोरा ओवायला आपल्याला हाका मारायची. दुपारी स्वतः ओवायची. तू म्हणायचास, तिला काही होत नाही, आपल्याला अंथरुणातून उठवायचा तो बहाणा आहे.

मग त्यांनी विचारलं, ‘उजव्यात ऑपरेशनच्या आधी किती होत्या? मोजल्या असतीलच.’ मला सांगता आलं नाही. मी अशा यंत्रावर तुझ्याकडे बसल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी घाबरलेली होते, विसरलेही असेन.

आकडा कळव.

चिमी


२० मे

चिमे,

मोजणी झाली होती. समाधानकारक होती. नेमका आकडा जुन्या कागदांत असेल, शोधायला सांगितलंय.

पिकतं तिथे विकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सख्खा भाऊ या धंद्यात असताना चौकातली पाटी वाचून आत शिरायचं म्हणजे कमाल. नव्या डॉक्टरांना यंत्रं फार आवडतात. आईला चष्मा हवा होता आणि तिने तो लावला नाही, एवढंच. उगाच संबंध जोडू नकोस.

डावा मोतीबिंदूही पिकत चाललाय. उशीर केलास की तोही कडक होईल आणि मग पुन्हा मलाच बोलशील. ऑगस्टमध्ये ये. मीच करतो. कुठे थांबावं लागणार नाही.

दादा


११ जुलै

दादा,

तुझ्या थोरल्या सिस्टर परवा दुकानात आल्या. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यात, इथे दोन गल्ल्या सोडून. तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं, मास्क होता. नातीचा स्वेटर पुढे करून ‘कोपर विरलंय, होईल का?’ एवढंच म्हणाल्या, आणि त्या आवाजाने मला डोळ्यावर गार थेंब पडल्यासारखं झालं.

‘सिस्टर, मी डॉक्टरांची बहीण. फेब्रुवारीत.’
‘अगंबाई, ताई! कसा आहे डोळा?’
‘तुम्हीच बघा.’

त्यांनी मला दारापाशी उजेडात नेलं. पापणी वर केली. सोडली. मग स्टुलावर बसल्या, स्वेटर मांडीवर.

मी विचारलं, ‘यंत्र सुरू करण्याआधी तुम्ही त्याला काय विचारलं होतं? तो “नको, घरचीच आहे” म्हणाला, ते.’
‘तुम्ही ऐकलंत?’
‘त्याचं ऐकलं. तुमचं नाही.’

त्या सांगायला लागल्या. आपल्याकडे जेल दोन असतात, ताई. एक पातळ, सगळ्यांना. दुसरं घट्ट, काचेला आतून चिकटून बसतं, हादरे बसू देत नाही. ज्यांच्या पेशी कमी त्यांना ते. ते कुलपात असतं, केसपेपरचा नंबर लिहिल्याशिवाय निघत नाही. ‘तुमचा केसपेपरच नव्हता. पेशी मोजायलाही तुम्हाला कुणी बसवलं नव्हतं, तुम्ही जिन्याने थेट वर आलात. मी म्हटलं, सर, आकडा नाहीये, पाच मिनिटांत खाली जाऊन नंबर काढते आणि घट्ट जेल घेऊन येते. तर म्हणाले...’
‘हो. ते ऐकलं.’

मी विचारलं, बाकीच्यांचं काय? त्या दिवशी एकोणीस होते म्हणाल्या. एकोणीस जणांचे आकडे कागदावर होते. एकाचाच कमी होता, त्याला घट्ट जेल दिलं. म्हातारा, फार बोलायचा. मला म्हणाला होता ना, तुम्ही आमच्या आधी बघणार, तोच. सिस्टर निवृत्त होईपर्यंत तपासायला येत होता. पेपर वाचतो.

पाच महिने मी तुझा शब्द घडी घालून ठेवला होता, दादा. वाईट सकाळी काढून बघायचे. परवा उलगडला, तर आत कसर लागलेली.

जाताना सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर बोलू नका.’ मी म्हटलं, ‘दात कुणाचे आणि ओठ कुणाचे, एवढं तरी ठरू दे.’

तू लिहिलंस, मोजणी समाधानकारक होती. ते वाक्य मी पुन्हा वाचत नाही. एकच विचारते. पाच मिनिटांचं काम होतं. नको का म्हणालास? घाई होती, एवढंच असेल तर तसं लिही. मी मानेन.

ऑगस्टमध्ये येत नाही.

चिमी


६ सप्टेंबर

दादा,

फोन उचलत नाहीस. वहिनी म्हणते, बरा आहे, बागेत बसतो. उत्तर पत्रानेच दे, आणि बागेत बसून दिलंस तरी चालेल.

स्वेटरचं कोपर झालं. सिस्टर म्हणाल्या, छान झालंय. छान झालेलं नाही.


१४ ऑक्टोबर

चिमे,

घाई नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पेशी मोजायचं यंत्र आणलं. ते चालवणाऱ्या मुलाला शिकवायचं म्हणून पहिल्यांदा मीच हनुवटी टेकवली. पडद्यावर पेशी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसायला हव्यात. माझ्या, ठिकठिकाणी काळे खड्डे पडलेल्या. आकडा अकराशे. तो म्हणाला, ‘सर, मशीन चुकतंय वाटतं.’ मी म्हटलं, चुकतंय. नोंद पुसायला लावली.

मशीन चुकत नव्हतं. शिकत असताना पुस्तकात वाचलं होतं: सकाळी धुकं, दुपारी निवळतं, घरातून पुढे जातं. त्या पानावर मला आई दिसली होती, सुई हातात धरलेली. मी पान उलटलं. परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

तुला यंत्रावर बसवलं असतं तर तोच आकडा आला असता आणि तो कागदावर चढला असता. बहिणीला आहे म्हटल्यावर कुणीतरी भावाला विचारलं असतं. डोळ्यांच्या सर्जनला त्याच्या डोळ्यांबद्दल एकदा विचारलं की त्याचं संपतं. म्हणून तुला मागच्या जिन्याने आणलं. यंत्र खाली, पुढच्या दारापाशी आहे. घट्ट जेल मागवलं असतं तर का, ते लिहावं लागलं असतं. सिस्टरने विचारलं तेव्हा मी म्हणालो ते तुझ्याबद्दल नव्हतं. दुखणं घरचं होतं. तेच तोंडातून बाहेर पडलं.

मला वाटलं, हलक्या हाताने करीन, निभेल. निभतं पुष्कळदा.

आठवत नाही असं लिहिलं होतं, ते खोटं. तुझं पहिलं पत्र मी दोनदा वाचलं. तुला भरून आलं होतं, तिथे थांबलो आणि मग मिठाच्या थेंबांचं लिहिलं.

माझी ऑपरेशनची यादी दुपारी एकला का सुरू व्हायची, हे आता तुला कळलं असेल. दुपारी मला स्वच्छ दिसायचं. तुझ्या वेळीही दिसत होतं. मानायचं की नाही ते तू ठरव. ऑगस्टपासून ऑपरेशनला हात लावलेला नाही. मलाही मोतीबिंदू आहे.

आता कामाचं. तुझ्या उजव्या काचेच्या आतला पेशींचा पापुद्रा बदलता येतो. मेलेल्या माणसाच्या डोळ्यातून घेतात. नेत्रपेढीची यादी लांब असते, वर्षसुद्धा जातं. पण मोठ्या हॉस्पिटलातला मुख्य माझा वर्गमित्र आहे. मी बोलून ठेवलंय. तुला नंबर लावायची गरज नाही, थेट त्याच्या खोलीत जायचं. माझंही तोच करील. फार चांगला माणूस आहे, अगदी घरच्यासारखा.

दादा


३ नोव्हेंबर

दादा,

पत्र दुपारी वाचलं. मोठं भिंग घेऊन, एकेक ओळ. शेवटच्या परिच्छेदापर्यंत मी तुला माफ करत आले होते. मग ‘घरच्यासारखा’ आला.

दुकानावरची रफूची पाटी उतरवली. आता बटणं लावते, चेन बदलते, पँटी आखूड करते. त्याला डोळे कमी लागतात, बोटं जास्त. समोरच्या केमिस्टची बायको सकाळी दहा सुया ओवून देते आणि त्या मी उशीत टोचून ठेवते. पहिल्या दिवशी तिला हाक मारली तेव्हा आवाज आईचा निघाला. वकील परवा बटण लावून घेऊन गेला. उजेडात धरून बघितलं नाही. मला ते त्याच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

डाव्या डोळ्याचं डॉक्टरीणबाई करणार आहेत, पुढच्या महिन्यात, घट्ट जेल घालून. पेशी आणखी जातील, किती ते सांगता येत नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आकडा केसपेपरवर लाल शाईने लिहिलाय. तो मी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. हसू नकोस. खरा उपाय आहे.

उजव्यासाठी नेत्रपेढीच्या यादीत नाव घातलं. सकाळी गेले, बाकावर अडीच तास बसले. धुक्यात सगळी माणसं सारखीच दिसतात. शेजारच्या बाईने विचारलं, ‘तुमचा कितवा?’ एकशे बारावा. मला सांगता आलं. तिचा एकशे तेरावा होता. मी थेट खोलीत गेले असते तरी तिचा एकशे तेरावाच राहिला असता आणि का सरकत नाही, ते तिला कधी कळलं नसतं. तुझ्या वर्गमित्राला कळव, बहीण येत नाही.

तुझ्या डोळ्याचं करशील तेव्हा पुढच्या दाराने जा. केसपेपर काढ. कपाळाला चिकटपट्टी लावून घे. यंत्रावर हनुवटी टेकव आणि येईल तो आकडा कागदावर येऊ दे. टेबलावर कुणी काही विचारलं आणि त्यावर ‘घरचेच आहेत’ असं ऐकू आलं, तर कापड काढून उठून बस.

नेत्रपेढीचा फॉर्म भरताना शेवटी डॉक्टरीणबाई थांबल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या डोळ्यात बसेल तो पापुद्रा कुणा अनोळखी माणसाचा असेल. नाव कळणार नाही, काहीच कळणार नाही. काही लोकांना ते चालत नाही. घरच्यांना विचारायचंय का?’

मी म्हटलं, ‘घरच्यांना नको. परक्याचाच द्या.’